पाखरांशी तोंडओळख

शनिवार, ता. २८ नोव्हेंबर १९३६. लोणावळे.

आज पाचवीची चौदा मुलं घेऊन कुरवंड्याच्या वाटेने टेकडीवर गेलो आणि चौदाच्या चौदा परत आणली. हे वाक्य लिहिताना मला जो आनंद होतो आहे तो सांगायला ही वही सोडून कोणी नाही. चंद्रिकेला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "परत आणायचीच होती ना?" नऊ वर्षांच्या संसारात तिने माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. बाई कर्तव्यदक्ष आहे, पण चेहरा नेहमी कोरा.

आमचे हेडमास्तर त्र्यंबकराव शनिवारी सकाळी कवायत घ्यायला लावत. अभ्यासक्रमात 'सृष्टिनिरीक्षण' असा विषय आहे, तो आमच्याकडे फळ्यावर पोपट काढून उरकला जातो. मी तीन वर्षं अर्ज केले. शेवटी कंटाळून त्यांनी जानेवारीअखेरपर्यंत परवानगी दिली आहे. त्यानंतर शिक्षणखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला येतील, स्वतः वर्ग बघतील आणि त्यांना पटलं तर टेकडीचा वर्ग कायम. नाही पटलं तर पुन्हा डावं-उजवं, डावं-उजवं. हेडमास्तर म्हणाले, "दीनानाथ, टेकडीवर शेळ्या नेतात." उत्तर मला घरी आल्यावर सुचलं.

पक्ष्यांचं मला लहानपणापासून कळतं. शाळेच्या कपाटात रंगीत चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक आहे, ते नाकाशी धरून मी पाठ केलं आहे. बाकी सगळं कानाचं काम. पक्षी झाडात कुठेतरी असतो, बोलतो, आपण ओळखतो. लोक 'हळद्या पाहिला' म्हणतात ती एक बोलण्याची पद्धत आहे. आज मी वाटेवर एकवीस पक्षी आवाजावरून सांगितले आणि मुलं आ वासून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं आ वासलेला असावा, कारण कोणी बोलत नव्हतं.

शनिवार, ता. ५ डिसेंबर.

आज प्रत्येकाला वही दिली. जो पक्षी दिसेल तो, कुठे दिसला ते आणि रंग, एवढं लिहायचं. नीरजा म्हणून रेल्वेच्या गार्डांची मुलगी आहे, दोन वेण्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिने दोन पानं भरली. बहुतेक मुलांनी कावळा आणि चिमणीत वेळ मारून नेली.

पण महिपतीच्या वहीने माझा दिवस नासवला. हा कुरवंड्याकडच्या एका वस्तीवरून रोज चालत येणारा मुलगा, मागच्या बाकावर बसतो, विचारल्याशिवाय बोलत नाही. त्याने लिहिलं होतं: 'देवीच्या राईच्या कडेला पांढरं पाखरू. डोकं काळं. तुरा हाय. शेपटीला दोन फिती हातभर लांब. आवाज न्हाई.' मी त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच्या शेजारी उभा होतो. तिथे झाड होतं आणि काहीही नव्हतं. अशा पक्ष्याचं चित्र आमच्या पुस्तकात आहे खरं, म्हणजे पोराने तिथूनच उतरवलं. कपाटाला कुलूप असतं, पण पोरं काय वाटेल ते करतात.

मी तांबड्या शाईने ओळ खोडली आणि पुढे 'खोटे' असं लिहिलं. कबूल करायला सांगितलं तर मान खाली घालून म्हणाला, "व्हतं, मास्तर." तीनदा विचारलं, तीनदा तेच. मग पुढच्या शनिवारी त्याने यायचं नाही असं सांगून टाकलं. शिक्षकाने खोटं खपवून घेतलं की निरीक्षण संपलं. मी केलं ते बरोबरच केलं. जेवण मात्र गेलं नाही.

शनिवार, ता. १२ डिसेंबर.

गुडघा फुटला आहे. चंद्रिकेने हळद लावली.

झालं असं की उताराच्या वाटेवर मला एक सावली दिसली आणि ती सावली नसून खड्डा होता. मुलं पुढे गेली होती. उजव्या हाताला डोंगराच्या सोंडेवर मघापासून एक झुडूप होतं, ते मी पडल्याबरोबर धावत खाली आलं. तो महिपती होता. शिक्षा असूनही आमच्या बरोबरीने, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावरून, सकाळपासून चालत होता. त्याने मला उठवलं, टोपी झटकून दिली आणि काही न बोलता पुन्हा झुडपाच्या जागी जायला निघाला.

मी त्याला परत बोलावलं. पाखराबद्दल माझं मत बदललेलं नाही हे स्पष्ट सांगितलं. तो "व्हय मास्तर" म्हणाला. सगळी मिळून ओढ्यावर बसलो, भाकरी सोडल्या, कोणाकडे ठेचा होता, कोणाकडे आवळे. वर झाडात कुठेतरी तांबट पक्षी एकसारखा ठोके देत होता, आणि मुलं प्रत्येक ठोक्याला एक घास असं ठरवून खात होती. शेवटी तांबट जिंकला. मी इतका हसलो की गुडघा दुखायला लागला.

शनिवार, ता. १९ डिसेंबर.

एकतीस पक्षी. वर्गाची झपाट्याने प्रगती होते आहे, आणि ती माझ्या पद्धतीमुळे होते आहे असं मला नम्रपणे वाटतं.

पण मुलांना काही विचित्र सवयी लागल्या आहेत. महिपती आता सतत माझ्यापुढे दोन पावलं चालतो आणि स्वतःशीच बडबडतो. धोंडा हाय. मूळ हाय. हितं वाट वळती. एवढा अबोल मुलगा, आणि टेकडीवर त्याला गप्प बसवत नाही. नीरजेचं तर विचारू नका. काही दिसलं की माझ्या कानाशी येऊन सगळं वर्णन करते: मास्तर, उंबराच्या डाव्या फांदीला, टोकाजवळ, पिवळाधमक, डोळ्यातून काळी रेघ, हा तुमचा हळद्या ना? मी म्हणतो, हळद्याच. मग ती बाकीच्यांना सांगते की मास्तरांनी हळद्या ओळखला. मुलगी वटवटी आहे, पण निरीक्षण चांगलं आहे.

आता इतर मुलांनीही तिचं उचललं आहे. चौदा मुलं चौदा बाजूंनी मला रंग, फांद्या आणि शेपट्या सांगत असतात. खरं म्हणजे पक्ष्यांजवळ एवढा गलबला करू नये. पण त्यांना थांबवावंसं वाटत नाही. घरी आलो तरी कानात ते सगळं चालू होतं. चंद्रिकेने विचारलं, काय काय दिसलं? मी अर्धा तास सांगत होतो, आणि ती भांडी वाजवत स्वयंपाकघरात इकडून तिकडे फिरत होती. हिला भांडी वाजवल्याशिवाय हिंडताच येत नाही.

शनिवार, ता. ९ जानेवारी १९३७.

आज एक आश्चर्यकारक घार पाहिली. साधारणपणे मला घार आकाशात एक डाग म्हणून जाणवते. आजचा डाग मोठा, तांबूस, आणि एकाच जागी स्थिर होता, मधूनच झोका घेऊन पुन्हा स्थिर. मी मुलांना खाली बसवलं आणि घारीचं तरंगणं, वाऱ्याचा दाब, पंखांची रचना यांवर दहा मिनिटं बोललो.

मुलं आधी हसायला लागली. मग नीरजेने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं आणि हसणं एकदम थांबलं. सगळी शेवटपर्यंत शहाण्यासारखी ऐकत होती. शेवटी महिपती म्हणाला, "मास्तर, आता ती घार खाली उतरतीया." तो असं का म्हणाला कळलं नाही, पण खरंच डाग खाली गावाकडे सरकला. संक्रांत चार दिवसांवर आली, त्यामुळे खाली गावात पोरांचा दंगा चालला होता, त्यानेच घार बिचकली असावी.

उतरताना महिपती आणि नीरजा बरोबर चालत काहीतरी कुजबुजत होती. मी जवळ गेलो तर दोघं गप्प. वर्गातल्या वटवट्या मुलीचं आणि मुक्या मुलाचं जमलं, हेही टेकडीचंच पुण्य.

रविवार, ता. १७ जानेवारी.

पत्र आलं. डेप्युटीसाहेब येत्या शनिवारी येणार आणि हेडमास्तरही बरोबर चढणार. साहेबांनी लिहिलं आहे की वरच्या देवीच्या राईत वर्ग भरवावा, तिथे जुनी झाडं आहेत असं ऐकलं आहे. आत्तापर्यंत आम्ही राईच्या कडेकडेनेच फिरलो, आत कधी गेलो नाही. आत जायचं तर भगताची परवानगी लागते. म्हणून आज मी महिपती आणि नीरजेला घेऊन कोंडाजीआबांकडे गेलो.

आबा अंगणात दोर वळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि दोर बाजूला ठेवून बोटांवर मोजायला लागले. "मास्तर, या, पर कातडं आत न्यायचं न्हाई. काडी मोडायची न्हाई. बोट दावायचं न्हाई. आन् पाऊल आत पडल्यापासनं भाईर येईस्तवर कुनी सबूद काढायचा न्हाई. आई निजलेली असती. माझा बा बी आत बोलला न्हाई, मी बी न्हाई."

मी म्हटलं, यापेक्षा उत्तम काय? पक्ष्यांसाठी शांतताच हवी. आवाज ऐकणं हा तर माझा हातखंडा. मी आनंदाने निघालो. मुलांची तोंडं मात्र पडली होती. वाटेत नीरजा म्हणाली, "मास्तर, साहेबांना दुसरीकडे नेऊ या का? ओढ्यावर?" मी कारण विचारलं तर म्हणाली, राईत डास असतात. महिपती म्हणाला, "लय डास." जानेवारीत कसले डास. मुलांना अर्धा तास तोंड मिटून बसणं जड जातं हे खरं.

शनिवार, ता. २३ जानेवारी.

आज जे झालं ते मला जसं झालं तसं लिहायचं आहे, कारण उद्या मी त्याला काहीतरी वळण देईन.

डेप्युटीसाहेब स्थूल गृहस्थ आहेत, पण विनोदी आणि मोकळे. राईच्या तोंडाशी कोंडाजीआबांनी आमची चप्पल-जोडे काढून ठेवायला लावले. साहेबांचा कमरपट्टा कातडी होता, तोही गेला. त्यामुळे एका हाताने विजार धरून साहेब आत आले. हेडमास्तर त्र्यंबकराव डास चावल्यासारखा चेहरा करून मागे. आत गेल्यावर थंडगार काळोखी, आणि चौदा मुलांच्या अनवाणी पावलांचा नुसता पानांवरचा आवाज.

सुरुवात माझ्या मनासारखी झाली. मी कान दिला, वहीत नाव लिहिलं, साहेबांपुढे धरलं. दयाळ. सुतार. बुलबुल. वर कुठेतरी हरियालाची शीळ. साहेब प्रत्येक वेळी शोधून बघायचे आणि मान हलवायचे. पाव तासात सात पक्षी. मला वाटलं, जिंकलो.

मग सगळ्या मुलांच्या माना एकदम एका बाजूला वळल्या. जवळ होती म्हणून मला ते दिसलं. साहेबांचीही मान वळली. ते इतके गुंगले की विजार सुटता सुटता राहिली. मी कान टवकारले. काही नाही. पुन्हा कान दिला. जे काही होतं ते गप्प होतं. साहेबांनी भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे: कोणता?

मी त्या बाजूला पाहिलं. हिरवं होतं. नेहमी असतं तसं हिरवं.

मी नीरजेकडे वळलो. माझी मान आपोआप तिकडे गेली. ती माझ्या कोपराशी उभी होती, ओठ घट्ट दाबून, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. तेव्हा, बेचाळिसाव्या वर्षी, मला पहिल्यांदा कळलं की इतके शनिवार मी काही पाहिलं नव्हतं, मला सांगितलं जात होतं. हे सगळे जण काहीतरी बघत होते. बघणं ही बोलण्याची पद्धत नव्हती.

महिपती पुढे आला. त्याने माझ्या हातातली वही घेतली, पेन्सिल घेतली, आणि गुडघ्यावर ठेवून काढायला लागला. मधून वर बघायचा, पुन्हा काढायचा. झाल्यावर उठून त्याने वही माझ्या नाकाशी धरली. बरोबर तेवढ्याच अंतरावर, जेवढ्यावरून मला दिसतं. त्याला ते अंतर माहीत होतं. पांढरं पाखरू. डोकं काळं. तुरा. शेपटीला दोन फिती, हातभर लांब.

मला त्याची खोडलेली ओळ आठवली. मी पेन्सिल घेऊन त्या चित्राखाली लिहिलं, 'खरे. चूक माझी होती.' आणि त्याला दाखवलं. तो वाचून खाली बघायला लागला. डेप्युटीसाहेबांनीही माझ्या खांद्यावरून वाचलं. मला रडू येत होतं, पण आई निजलेली होती.

बाहेर आल्यावर साहेबांनी कमरपट्टा बांधला आणि मला दरीच्या बाजूला नेलं. समोर नागफणीच्या कड्याकडे हात करून विचारलं, तिकडे काय दिसतं? मी म्हटलं, धुकं. ते म्हणाले, "मास्तर, दहा वाजून गेलेत. धुकं केव्हाच गेलं." मग स्वतःचा चष्मा काढून त्यांनी माझ्या कानांवर चढवला.

काय लिहू. डोंगराला कड होती. कातळाला भेगा होत्या. झाडाला पानं होती, एकेक सुटं पान, इतकी, आणि मी आजपर्यंत त्याला नुसतं झाड म्हणत होतो. वीस पावलांवर चौदा मुलं उभी होती आणि त्यांना चेहरे होते. महिपतीचा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. वर्षभर माझ्या वर्गात आहे आणि मला आज कळलं.

साहेब चष्म्याशिवाय झाडाला धरून उभे होते. म्हणाले, त्यांनाही सोळाव्या वर्षापर्यंत हेच वाटायचं की जग असंच असतं. मग गंभीर झाले. न बघता इतके पक्षी सांगणारा माणूस त्यांनी कुठेच पाहिलेला नाही, पण ज्या शिक्षकाला कडा दिसत नाही त्याच्या हाती कड्यावर मुलं सोपवायची कशी, हा प्रश्न त्यांना पडला आहे. हेडमास्तर लगेच म्हणाले, मलाही तोच पडला आहे.

यावर महिपती पुढे झाला. "सायेब, मास्तर आमाला न्हेत न्हाईत. आमीच मास्तरांला न्हेतो. अजून येकदाच पडल्यात, तवा मी लांब व्हतो."

मुलाने माझी बाजू घेतली होती आणि माझा निकाल लावला होता. साहेब लेखी कळवतो म्हणाले आणि हेडमास्तरांबरोबर खाली उतरले. आम्ही मागून उतरलो. धोंडा हाय, मूळ हाय. आज मी प्रत्येक धोंड्याला "बरं" म्हणालो.

मंगळवार, ता. २६ जानेवारी.

निकाल अजून नाही. आज मधल्या सुट्टीत महिपतीला विचारलं, तुम्हाला केव्हापासून माहीत होतं? तो म्हणाला, मास्तर पडले त्या दिवसापासून त्याला संशय होता, आणि घारीच्या दिवशी सगळ्यांची खात्री पटली. ती घार नव्हती, त्याच्या चुलतभावाची वावडी होती, लांब दोरावर चढवलेला तांबडा कागद. मी दहा मिनिटं तिच्या पंखांची रचना समजावली होती.

मग मला सांगितलं का नाही, असं विचारलं. तो भिंत खरवडत म्हणाला, "सांगितलं आसतं तर तुमी टेकडीवर आला न्हसता." बस, एवढंच. टेकडी फक्त मलाच हवी आहे असं मी धरून चाललो होतो.

चंद्रिकेलाही विचारलं. ती म्हणाली, लग्नानंतर आठव्या दिवशी. मग तू का नाही बोललीस? तर म्हणाली, दोनदा बोलले, तुम्ही म्हणालात आमच्या घराण्यात सगळे विद्वान जवळूनच वाचतात. असं मी म्हटलं असेन. ती भांडी का वाजवते हे मात्र विचारलं नाही, कारण ती घरात कुठे आहे ते मला त्या आवाजावरूनच कळत आलं, हे आज उमगलं.

शुक्रवार, ता. २९ जानेवारी.

शेरा आला. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून स्वतः वाचायला दिला. मी कागद नाकाशी धरला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. शब्द असे: 'शनिवारचा टेकडीवरील वर्ग अत्यंत उपयुक्त असून कायम चालू ठेवावा. विद्यार्थ्यांचे निरीक्षण सूक्ष्म व शिक्षकाविषयी त्यांची आस्था विशेष आहे. मात्र शिक्षकांनी चष्मा लावल्याखेरीज टेकडी चढू नये.'

त्र्यंबकराव म्हणाले, "अभिनंदन, दीनानाथ." आणि जरा थांबून, शनिवारी त्यांनाही यायला जमेल का असं विचारलं. राईतून आल्यापासून ते पांढरं पाखरू त्यांच्या मनातून जात नाही. मला वाटत होतं हा माणूस डासांकडेच बघत होता.

गुरुवार, ता. ४ फेब्रुवारी.

पुण्याहून आलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंगं घालून-काढून बघितली आणि विचारलं, इतकी वर्षं तुम्ही चालत कसे होता? मी म्हटलं, लोकांच्या पायांच्या आवाजावरून.

परतीच्या गाडीत मी शहाण्यासारखा बसलो नाही. प्रत्येक स्टेशनाची पाटी मोठ्याने वाचली. तळेगाव. वडगाव. समोरच्या म्हातारीने पोरासोरांना माझ्यापासून दूर सरकवलं. तारांवर काळे ठिपके बसले होते आणि ठिपक्यांना दुभंगलेल्या शेपट्या होत्या. लोक सगळे इतके वेगवेगळे दिसतात याची मला कल्पना नव्हती.

स्टेशनवरून चालत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. दिवस मावळायला वेळ होता. शंभर पावलांवर आमचं दार, आणि दारात चंद्रिका उभी होती. ती माझ्याकडे बघून हसत होती. हळूच नाही, चांगली तोंडभर, पदर सावरत, अगदी नव्या नवरीसारखी. मी तिथेच थबकलो. मग चालायला लागलो तसतसं ते हसू आवरत गेलं, शेजारच्या बायका ओट्यावर होत्या, आणि मी पायरीशी पोचलो तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखा कोरा झाला होता. जेवढ्या अंतरावरून मला आजपर्यंत दिसायचा, तेवढ्याच अंतरावर कोरा.

मी विचारलं, तू रोज अशी उभी असतेस?

"नऊ वर्षं," ती म्हणाली आणि पाणी तापवायला आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. मला पुष्कळ वाईट वाटलं आणि त्याहून पुष्कळ आनंद झाला.

शनिवार, ता. ६ फेब्रुवारी.

आज कायम झालेला पहिला वर्ग. चौदा मुलं, हेडमास्तर, आणि मुलांनी आग्रह केला म्हणून चंद्रिकाही. तिने सगळ्यांसाठी दशम्या बांधून घेतल्या होत्या. मी चष्मा पुसून पुसून चढत होतो. महिपतीला आज पुढे चालायचं काम नव्हतं, तो मागे राहिला होता, हात कुठे ठेवावेत न कळल्यासारखा. नीरजाही गप्प होती. मला ते चांगलं वाटलं नाही, पण मी बघण्यात दंग होतो. इतकं होतं बघायला. गवताच्या काडीला कुसळं असतात.

ओढ्यावरच्या उंबरापाशी एक पिवळाधमक पक्षी येऊन बसला. मी बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना थांबवलं. पिवळा म्हणजे किती पिवळा, डोळ्यातून काजळाची रेघ, चोच तांबूस. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. मी हळूच हेडमास्तरांना म्हटलं, हा कोणता नवीनच पक्षी, आमच्या यादीत नाही.

मागे कोणीतरी फिसकन् हसलं. मग महिपती पुढे आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मास्तर, ह्यो तुमचा हळद्या."

मी नाही म्हटलं. हळद्याला मी तीस वर्षं ओळखतो. तेवढ्यात त्या पक्ष्याने चोच उघडली आणि माझ्या ओळखीची, बासरीसारखी, तीन सुरांची हाक दिली. हळद्याच. पुस्तकातला हळद्या बोटाएवढा, चपटा, फिका. हा असा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, चौदा जणांनी, प्रत्येक शनिवारी. पण सांगणं आणि हे यांत फार अंतर आहे.

मग काय झालं ते लिहितो आणि वही मिटतो. मी एका धोंड्यावर बसलो. महिपती माझ्या उजव्या हाताला, नीरजा डाव्या हाताला. नव्या सुनेला घरच्या माणसांपुढे नेऊन हे मामा, ह्या आत्या असं सांगतात, तसं त्या दोघांनी मला एकेकाची ओळख करून द्यायला सुरुवात केली. ह्यो बुलबुल, मास्तर, बुडाखाली लाल हाय बगा. ही टिटवी, इतकी ओरडते पण बघा, पाय किती बारीक. ह्यो तांबट, आपल्याला जेवनात ज्यानं हरिवलं त्यो. तो एवढासा होता, माझ्या मुठीत मावेल असा, हिरवा, कपाळावर कुंकू लावल्यासारखा. त्याचा आवाज ऐकून मी त्याला कावळ्याएवढा समजत होतो. मी प्रत्येक वेळी चुकत होतो आणि चौदा मुलं प्रत्येक वेळी मला दुरुस्त करत होती, एकदम, ओरडून, हसून. हेडमास्तर त्र्यंबकराव वहीत उतरवून घेत होते. चंद्रिका दशम्या वाटायची राहून तशीच उभी होती, आणि मी वळून बघितलं तेव्हा तिने हसू आवरलं नाही.

महिपतीने मान तिरकी करून वर बघितलं आणि माझी बाही ओढली. मी चष्मा नीट केला आणि विचारलं, "हे कोण?"